कमी पैशांत बेस गिटार: खरेदीपासून खरखरीपर्यंतची तयारी

बेस घ्यायला निघताना सगळी रक्कम वाद्यावर उधळू नका. तारांचा एक नवा संच, एक भरवशाची केबल, ट्यूनर, रुंद पट्टा आणि वाजवलेलं ऐकू येण्याची काहीतरी सोय, एवढ्याचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरेल त्यात बेस बसवा. ढोबळमानाने निम्मे वाद्याला, निम्मे बाकीच्याला. मेलेल्या तारा आणि तुटकी केबल असेल तर महागडा बेससुद्धा भिकार वाजतो, आणि नीट जुळवलेला स्वस्त बेस ऐकणाऱ्याला सहसा ओळखू येत नाही.

पहिल्या खरेदीत भानगडी कमी ठेवा: चार तारा, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), पॅसिव्ह सर्किट. पॅसिव्ह बेसमध्ये बॅटरी नसते, प्रीअँप (आवाज आधीच वाढवणारं सर्किट) नसतो, त्यामुळे बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. जे बिघडतं ते स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्नने दुरुस्त होतं. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला आणि जॅझ बेस १९६० साली. आजचे बहुतेक स्वस्त बेस या दोघांपैकी एकाच्या वळणाचे असतात. याचा फायदा असा, की पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा चुंबक आणि कॉइलचा भाग), पॉट (नॉबखालचा फिरता रोध), ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग), खुंट्या असे सुटे भाग पुढे कधीही मिळतात. मागवण्याआधी स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मात्र मिलिमीटरमध्ये मोजून घ्या, नकलांमध्ये ते थोडं इकडेतिकडे असतं.

दोघांत निवडायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांच्या पिकअपमधली कॉइल्स एकमेकांच्या उलट असतात, म्हणून तो हम (विजेची घुमणारी गुणगुण) स्वतःच मारतो. जॅझचे दोन पिकअप सिंगल कॉइलचे. दोन्ही नॉब सारखे उघडे असले की हम जातो, एक बंद केला की परत येतो. ही खराबी नव्हे, पण ती खराबी समजून लोक जॅझ बेस विकून टाकतात, त्यामुळे घेणाऱ्याचं भलं होतं. हात लहान असतील तर ३० इंची स्केलचा बेस जरूर बघा. त्याला तारा मात्र शॉर्ट स्केलच्याच लागतात. पाच तारांचा मोह टाळा. चार तारांच्या बेसवर (जाड ते बारीक: ई, ए, डी, जी) सर्वांत खालचा ई ४१ हर्ट्झचा असतो, पाचव्या तारेचा बी जेमतेम ३१ चा. स्वस्त स्पीकर तिथे नुसता हलतो, सूर देत नाही.

वापरलेला बेस बघायला जाताना स्वतःची केबल, ट्यूनर, मिलिमीटरची स्टीलची पट्टी, अ‍ॅलन कीचा संच, साधा मल्टिमीटर आणि एक नवी ९ व्होल्टची बॅटरी बरोबर ठेवा. सूर लावून ब्रिजच्या बाजूने एक डोळा मिटून नेकच्या (तारा दाबायच्या लांब दांड्याच्या) दोन्ही कडा बघा. मधोमध हलका खळगा असेल तर उत्तम. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेकला पीळ आहे, तो बेस कितीही स्वस्त असला तरी सोडा. ट्रस रॉडचा (नेकचा वाक बदलणाऱ्या आतल्या सळईचा) नट फिरतो का ते मालकाला विचारून, पाव फेऱ्याच्या आत तपासा. नट आधीच गच्च आवळलेला आणि नेक तरीही पुढे वाकलेला असेल तर सुधारणेला जागाच उरलेली नाही. मग चारही तारांवर प्रत्येक फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) वाजवा. सर्वांत बारीक ‘जी’ तार फिंगरबोर्डच्या कडेला फार चिकटलेली दिसली तर घाबरू नका: तारा सैल करून नेकचे चार स्क्रू थोडे ढिले करायचे, नेक केसभर सरकवायचा आणि स्क्रू पुन्हा आवळायचे. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर भाव करायला हे एक चांगलं निमित्त आहे.

वायरिंग तपासायला अँप लागत नाही. बेसमध्ये केबल लावा, सगळे नॉब पूर्ण उघडा, मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या प्लगचं टोक आणि दांडा यांच्यात रोध मोजा. प्रिसिजनच्या पिकअपला साधारण १० ते १२ किलोओहम येतात. जॅझचा एक नॉब बंद ठेवून दुसरा पिकअप मोजला तर ७ ते ८. आकडा शून्याला टेकला तर कुठेतरी शॉर्ट आहे. रेंजच्या बाहेर गेला आणि रेंज वाढवल्यावर शेकडो किलोओहम दिसले, तर कॉइल तुटलेली आहे आणि मीटरला नुसता पॉट दिसतो आहे. ही युक्ती पॅसिव्ह बेसपुरतीच. अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर आपली नवी बॅटरी घालूनच ऐका. अर्धमेल्या बॅटरीचा फाटका आवाज आणि खराब प्रीअँपचा आवाज कानाला सारखेच लागतात.

बेस घरी आला की आधी तारा बदला. ४५ ते १०५ चा संच बहुतेक बेसना चालतो (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात). एका वेळी एकच तार काढा, म्हणजे नेकवरचा ताण एकदम जात नाही. नवी तार खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटीमीटर ठेवा, तिथे काटकोनात वाकवा आणि वाकवल्यानंतरच पुढे कापा. न वाकवता कापली तर वरचं वेष्टन आतल्या गाभ्यावरून सुटतं आणि तार पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घालून खालच्या दिशेने दोन-तीन वेढे द्या. सुरात आणल्यावर नटजवळ (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, स्क्रूचा नट नव्हे) आणि सॅडलजवळ (ब्रिजवरचा तार टेकण्याचा तुकडा) तार बोटाने दाबून तिला तिथे स्पष्ट कोन द्या. तार तिथे कमानीसारखी राहिली तर सूर डळमळतो. पैसे अगदीच नसतील तर जुन्या राउंडवाउंड (गोल वेष्टनाच्या) तारा दहा मिनिटं पाण्यात उकळून पूर्ण कोरड्या करता येतात, चमक काही दिवसांपुरती परत येते. फ्लॅटवाउंडला (सपाट वेष्टनाच्या तारांना) हा उपाय लावू नका, आणि गरजही नसते. त्या वर्षानुवर्षं चालतात, म्हणून पहिल्यांदा महाग वाटल्या तरी गडद आवाज आवडणाऱ्याला त्याच स्वस्त पडतात.

पुढची जुळवणी ठरलेल्या क्रमानेच करायची, कारण प्रत्येक पायरी पुढचीचं माप बदलते. आधी नेकचा खळगा. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबून ठेवा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजा: ०.३ ते ०.४ मिलिमीटर हवी. फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) स्वस्त मिळतो, घ्याच. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सूर लावून मोजायचं. नट जड जात असेल तर जोर लावू नका; तुटलेल्या रॉडचा खर्च स्वस्त बेसच्या किमतीएवढा जाऊ शकतो. मग तारांची उंची: सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर, जी तारेखाली २. ही सुरुवात समजा. जोरात वाजवणाऱ्याला थोडी जास्त लागते.

त्यानंतर सॅडल मागेपुढे करणं. बाराव्या फ्रेटवर हलका स्पर्श करून निघणारा हार्मॉनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर पडताळा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब न्या, उतरता असेल तर जवळ आणा. हे काम नव्या तारांवरच करावं, जुन्या तारांवर ते कधीच जुळत नाही. शेवटी पिकअप: प्रत्येक तार शेवटच्या फ्रेटवर दाबून ई तारेखाली २.८ आणि जी तारेखाली २ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. यापेक्षा फार वर आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर थरथरतो.

एवढं करूनही तार झणझणत असेल तर कुठे झणझणते ते बघा. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच असेल तर खळगा कमी आहे. बाराव्याच्या पुढेच असेल तर सॅडल खाली आहे. मोकळी तारच झणझणली आणि दाबल्यावर थांबली तर नटची खाच खोल गेली आहे. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आला आहे. पण अँपमधून ऐकू येत नसेल तर ती झणझण सोडून द्या. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो, तोही दोष नव्हे. नेक त्या कंपनसंख्येला स्वतःच हलतो आणि तारेची ऊर्जा खातो. हेडस्टॉकला (खुंट्यांच्या टोकाला) थोडं वजन लावलं तर ती जागा सरकते, नाहीशी होत नाही.

अँपच्या बाबतीत आधी कुठे वाजवायचं ते ठरवा. घरापुरता हेडफोन अँप किंवा ऑडिओ इंटरफेस (वाद्य कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) पुरतो. इंटरफेसवर वाद्याची वेगळी इनपुट निवडा. माइक किंवा लाइन इनपुटचा रोध कमी असल्याने पॅसिव्ह पिकअप दबतो आणि वरची धार जाते. गिटारच्या छोट्या अँपवर हळू आवाजात बेस चालतो, पण स्पीकर फडफडू लागला की थांबा, शंकू फाटतो. ड्रमरबरोबर वाजवायचं असेल तर २०० ते ३०० वॅट धरा. नुसत्या वॅटवर मात्र जाऊ नका. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि तेवढाच फायदा ३ डेसिबल जास्त संवेदनशील स्पीकर फुकटात देतो. जुनी, जड कॅबिनेट्स स्वस्त मिळतात कारण ती उचलायला कोणी तयार नसतं. जिना नसेल तर तो सौदा घ्या.

ओहमचा हिशेब चुकवू नका. ८ ओहमची दोन कॅबिनेट्स समांतर जोडली की ४ ओहम होतात, ४ ची दोन जोडली की २. अँपच्या मागे जो किमान आकडा छापलेला असतो त्याच्या खाली गेलात तर अँप तापतो, बंद पडतो किंवा जळतो. ‘४ ओहमला ३०० वॅट’ असा अँप ८ ओहमच्या एकाच कॅबिनेटवर तेवढे वॅट देत नाही, हेही घेताना धरा. ट्यूब अँप मात्र स्पीकर जोडल्याशिवाय कधीच चालू करू नये. अँप आणि कॅबिनेट यांच्यामध्ये स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण तिचा आतला तारतंतू बारीक, तो गरम होतो. उलट स्पीकर केबल बेसला लावली तर तिला जाळीचं कवच नसल्याने हम येतो. दोन्हींवर रंगीत टेप लावून ठेवा.

आवाज अचानक गेला किंवा बिघडला तर एकेक गोष्ट बदलत जा, दोन एकदम नको. आधी पेडल (आवाज बदलणारी पायाखालची पेटी) काढून बेस थेट अँपला. मग केबल बदला. मग दुसरा बेस, नसेल तर प्लगच्या मोकळ्या टोकाला बोट लावा. अँप घुमला तर अँप शाबूत आहे. केबल मल्टिमीटरवर तपासताना टोक ते टोक जवळपास शून्य यावं, टोक ते दांडा काहीच येऊ नये, आणि हे केबल प्लगपाशी वाकवून बघावं, कारण ती तिथेच तुटते. नॉब फिरवताना खरखर होत असेल तर पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. गंज काढायचा साधा स्प्रे तिथे नको, तो तेलकट थर ठेवतो. जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर बाहेरचा नट आवळण्याआधी आतला जॅक धरून ठेवा. तो नटाबरोबर फिरला की वायर पिळून सोल्डर सुटतं. तिथून पुढे लोक पिकअपला दोष देत बसतात.

हम कसा वागतो त्यावरून कारण कळतं. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर ग्राउंडिंग ठीक आहे, फक्त आतलं कवच कमी पडतं. पोकळीत तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंडला जोडली की फरक पडतो. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या असण्याची शक्यता जास्त. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची ग्राउंड वायर सुटली आहे का बघा. एकट्या अँपवर शांत आणि मिक्सरला जोडल्यावरच घुमत असेल तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलेलं ग्राउंड) आहे: डीआय बॉक्सवरचा (बेसचा आवाज मिक्सरला देणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्टचा खटका दाबा. प्लगची अर्थची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अँपमध्ये बिघाड झाला तर तो करंट तारांमार्गे तुमच्या हातात येतो.

बँडमध्ये बेस ऐकू येत नाही म्हणून लोक बेसचा नॉब वाढवतात. खालच्या पट्ट्यात ३ डेसिबल वाढवले तर अँपला तिथे दुप्पट शक्ती लागते, आणि ऐकू तरीही येत नाही. तो नॉब मध्यावर आणा आणि ४०० ते ८०० हर्ट्झचा मधला पट्टा थोडा वाढवा. एकट्याने ऐकताना हा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल. तिकडे लक्ष देऊ नका.

तालमीच्या पिशवीत दुसरी केबल, जुनी ई आणि जी तार, अ‍ॅलन की, छोटा पक्कड, अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर ९ व्होल्टची बॅटरी आणि टेप असू द्या. अ‍ॅक्टिव्ह बेसचा जॅक हाच बॅटरीचा स्विच असतो, म्हणून वाजवून झालं की केबल काढून ठेवा. पेडलच्या पॉवर सप्लायवर व्होल्ट, ध्रुव आणि मिलिअँपिअर तिन्ही जुळतात का बघा. व्होल्ट आणि ध्रुव चुकले तर पेडल जातं, मिलिअँपिअर कमी पडले तर नुसतं कुरकुरतं. अँपचा फ्यूज जवळ ठेवायचा तर त्याच अँपिअरचा आणि त्याच जातीचा, मूळचा स्लो ब्लो (उशिरा उडणारा) असेल तर स्लो ब्लोच. तो बदलल्यावर लगेच पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका: अँप दुरुस्तीला द्या आणि त्या दिवशी डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला जोडून वाजवा.