यकृतातील गाठीचा रक्तप्रवाह पाहताना या चुका टाळा

निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या शिरेतून) मिळते, पण यकृताच्या प्राथमिक कर्करोगाची गाठ मुख्यतः यकृत धमनीवर पोसली जाते. धमनीतून गाठीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा रोखण्याचा उपचार, म्हणजे केमोएम्बोलायझेशन, याच फरकावर आधारलेला आहे. त्यामुळे कॅथलॅबच्या (क्ष-किरणांत पाहत रक्तवाहिनीत नळी घालण्याच्या कक्षाच्या) पडद्यावरील प्रवाह चुकीचा वाचला गेला, तर औषधही भलतीकडे जाते.

सर्रास होणारी चूक म्हणजे सीलिअ‍ॅक धमनीत (यकृत धमनी सहसा जिच्यातून निघते तिच्यात) एकदा कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणांत रक्तवाहिन्या दाखवणारा द्रव) सोडून सर्व वाटा कळल्या असे मानणे. काही जणांत उजवी यकृत धमनी आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या सुपीरिअर मेसेंटेरिक धमनीतून निघते, आणि डायफ्रामला (छाती व पोट यांमधील पडद्याला) टेकलेल्या गाठीला डायफ्रामचीच उजवी इन्फिरिअर फ्रेनिक धमनी परस्पर रक्त पुरवू शकते. लिपिओडॉल (औषधासोबत सोडले जाणारे, क्ष-किरणांत दिसणारे तेल) सोडल्यावर गाठीचा वरचा काठ चंद्रकोरीसारखा कोरा राहिला, तर तो भाग मृत आहे असे समजून थांबू नये. आधी ही फ्रेनिक धमनी तपासावी.

पडद्यावर गाठीला दुहेरी कडा दिसत असतील, तर दोष बहुधा यंत्राचा नसून श्वासाचा असतो. श्वास रोखण्याचा सराव रुग्णाला कळेल अशा भाषेत, तपासणी सुरू होण्यापूर्वीच करून घ्यावा. कोन-बीम सीटीत (कॅथलॅबमधील यंत्र रुग्णाभोवती फिरवून घेतलेल्या त्रिमितीय चित्रात) कॉन्ट्रास्ट गाठीत पोहोचण्याआधीच यंत्र फिरू लागले, तर चित्र स्वच्छ येते, पण गाठ त्यात उठून दिसत नाही.

माझ्या मते सर्वांत फसवे असते ते धमनीचे आकुंचन. मायक्रोकॅथेटर (औषध सोडण्याची अतिबारीक नळी) बारीक शाखेत रुतून बसला किंवा त्याच्या स्पर्शाने धमनी आवळली गेली, की कॉन्ट्रास्ट जागीच रेंगाळतो आणि पुरेसे औषध गेले असा भास होतो. अशा वेळी कॅथेटर किंचित मागे घ्यावा, रक्तदाब पाहून धमनीत ती सैल करणारे नायट्रोग्लिसरीन द्यावे, काही मिनिटे थांबावे आणि मगच हलक्या दाबाने पुन्हा चित्र घ्यावे. प्रवाह परतला तर काम अपुरे आहे. याउलट, मूळ धमनीतील प्रवाह पूर्ण बंद पडेपर्यंत औषध रेटले, तर पुढच्या फेरीची वाटच बुजते.

चार ते सहा आठवड्यांनंतरच्या सीटीत पांढरेशुभ्र लिपिओडॉल उरलेल्या गाठीचा रक्तप्रवाह झाकून टाकते. तेथे शंका राहिल्यास कॉन्ट्रास्टपूर्व चित्र वजा करून पाहिलेला एमआरआय अधिक भरवशाचा ठरतो.