सीबीटी शिकवायची तर आधी सल्ला सोडवायचा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका भाड्याच्या खोलीत दर शनिवारी दुपारी सहा जण माझ्याकडे सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत, शिकायला येतात. बहुतेक जण एमए मानसशास्त्र झालेले, एखादी शाळेतली समुपदेशक, कधी एखादी नर्स. सोळा शनिवार चालतं. अशीच बॅच सुरू करायची म्हणून सांगलीच्या एका मैत्रिणीनं विचारलं, "तू नेमकं करतेस काय?" तिला फोनवर सांगता सांगता तास गेला, म्हणून आता लिहूनच काढते.

इतिहासाला अर्धा तास पुरतो. १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी आपली पद्धत मांडली, १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात आरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना आपली, आणि एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. मग घटना, विचार, भावना, शरीर आणि वर्तन यांचं चक्र फळ्यावर काढायचं. सगळे माना डोलावतात. कळलेलं असतंच. घोडं पेंड खातं ते पुढं, समोर माणूस बसल्यावर.

कोल्हापुरात बिंदू चौकात पत्ता विचारून बघा. चौघं जमतात, दोघं वाद घालतात आणि पाचवा गाडीला किक मारून म्हणतो, "चला माझ्या मागनं." ही आमची माया आहे आणि हीच खुर्चीत बसल्यावर नडते. समोरची बाई रडायला लागली की शिकाऊ थेरपिस्टच्या तोंडून पहिलं वाक्य येतं, "काकू, तुम्ही एवढा विचारच करू नका." काकूंना हे घरात, शेजारी, भाजीवाल्याकडंसुद्धा सांगून झालेलं असतं.

मीही यातलीच. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका दवाखान्यात माझं सेशन टेप केलं होतं. पंचेचाळीस मिनिटांपैकी एकतीस मिनिटं मीच बोलत होते. पेशंट मधूनमधून "होय मॅडम" म्हणत होता. तो परत आला नाही. ती टेप मी पहिल्या शनिवारी वर्गात लावते. सगळे आधी हसतात, मग गप्प होतात. त्यानंतर स्वतःच्या टेप आणायला कुणी लाजत नाही.

मग काड्या. तिघांचा गट करायचा: एक थेरपिस्ट, एक पेशंट, तिसऱ्याच्या हातात काडेपेटी. थेरपिस्टनं सल्ला दिला की टेबलावर एक काडी. "काळजी करू नका" ही काडी. "तुम्ही योगा का नाही करत?" हीसुद्धा काडीच, नुसतं प्रश्नचिन्ह लावून सुटका नाही. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत चौदा-पंधरा काड्या पडतात. चौथ्या शनिवारपर्यंत तीन-चारवर यायला हवं. शून्याचा हट्ट मात्र धरू नका. पॅनिकमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यात, छाती का धडधडते हे समजावून सांगणं म्हणजे सल्ला नव्हे, ती माहिती आहे आणि ती द्यावीच लागते.

सल्ल्याच्या जागी काय ठेवायचं? प्रश्न. "त्या वेळी नेमकं काय चाललं होतं?" "तेव्हा मनात काय येऊन गेलं?" "हेच तुमच्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत झालं असतं, तर तिला काय म्हणाला असता?" प्रश्न पाठ करून घेऊ नका, आवाज घडवा. "कशावरून?" हा एकच शब्द एकीच्या तोंडी कुतूहल होतो, दुसरीच्या तोंडी पोलिसी चौकशी. मी तो प्रत्येकीकडून दहा वेळा म्हणवून घेते.

आता एक अडचण खास आपल्या भाषेची. सीबीटीचा पायाच विचार आणि भावना वेगळ्या करण्यावर उभा आहे, आणि मराठीत दोन्हीला "वाटतं". "मला वाईट वाटतं" ही भावना. "मला वाटतं, सासूबाईंना मी नकोशी आहे" हा विचार. पेशंटचाच नाही, शिकणाऱ्यांचाही इथं गोंधळ होतो. त्यासाठी तीस चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक "वाटतं"चं वाक्य, आणि दोन डबे ठेवा. खूण सोपी सांगायची: एका शब्दात मावली तर भावना, पूर्ण वाक्य लागलं तर विचार. "टेन्शन"ची चिठ्ठी मात्र कुठल्याच डब्यात टाकू द्यायची नाही. टेन्शनखाली भीती असते, राग असतो, लाज असते. आत काय आहे ते विचारून बाहेर काढायचं.

पेशंटचे शब्द बदलायचे नाहीत, हा माझा कडक नियम. पुण्याहून शिकायला आलेल्या एका मुलीनं पेशंटचे विचार नोंदवायच्या तक्त्यात लिहिलं होतं, "मी आयुष्यात अपयशी ठरत आहे." पेशंट बाई प्रत्यक्षात म्हणाल्या होत्या, "माझं काय खरं न्हाई बघा." मग त्या वाक्यावरच काम करायला लावलं: खरं नाही म्हणजे नेमकं काय होईल? तसं झालं तर पुढं काय? तिसऱ्या प्रश्नाला बाई म्हणाल्या, "पोरगी माझ्यावर गेली म्हणतील." तिथं गाठ होती. (याच मुलीला आपल्या बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात याचीही सवय व्हायला दोन शनिवार लागले. सुरुवातीला तिला वाटायचं, त्या नवऱ्याबद्दल सांगतायत.)

विचारावर किती विश्वास आहे ते शेकड्यात विचारायची पद्धत आहे. शिकलेल्या पोरांना जमतं. पन्नाशीच्या पुढच्यांना मी रुपयातले आणे विचारायला सांगते. "सोळा आणे खरं वाटतं, की बारा आणे?" लगेच उत्तर येतं.

तसंच "गृहपाठ" हा शब्द टाळा. शाळा सुटलेल्या माणसाला तो झोंबतो. "घरी करून बघायचं" एवढं पुरे. आणि लिहिलेला कागद घरात कुणाच्या हाती लागेल याचा विचार थेरपिस्टनं आधी करायला हवा. आमच्या एका पेशंटचा तक्ता जावेनं वाचला आणि आठवडाभर घरात तोच विषय. तेव्हापासून बऱ्याच जणींना भिंतीवरचं कॅलेंडर सुचवतो. दुधाचा खाडा मांडतात तिथंच एक टिंब: आज ठरवलेलं काम केलं. दोन टिंबं: केलं आणि थोडं बरं वाटलं. कुणाला पत्ता लागत नाही.

नैराश्यात मी आधी हेच शिकवते, कृतीची आखणी. विचारांची तपासणी नंतर. गुडघा दुखावून तालीम सुटलेला एक पैलवान होता. (उदाहरणांतले तपशील मी बदललेत.) दिवसभर पडून. म्हणायचा, "अंगात रग आली की जाईन." शिकाऊ मुलगा त्याला प्रेरणा द्यायला लागला, चार काड्या पडल्या. मी चिठ्ठी सरकवली: पूर्वी पहाटे चारला उठून जोर मारायचा, ते काय रोज रग यायची म्हणून? पैलवान हसला. "छे, वस्ताद काठी घेऊन उभा असायचा. रग नंतर यायची." मग ठरलं, डॉक्टरांनी परवानगी दिली तेवढंच: रोज सकाळी रंकाळ्याला चौपाटीवर दहा मिनिटं, मन असो वा नसो. काम एवढं लहान हवं की वाईटातल्या वाईट दिवशीही होईल. शिकणारे इथं हमखास मोठी उडी घ्यायला लावतात, ती फसते आणि पेशंटला "बघा, मला जमतच नाही"चा पुरावा मिळतो.

पॅनिक शिकवताना आधी वर्गालाच धाप लागू द्या. दमा, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण यांची चौकशी करून, मग एक मिनिट सगळ्यांनी जोरजोरात श्वास घ्यायचा. हाताला मुंग्या, डोकं हलकं, धडधड. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं ते तेव्हा पटतं: धडधड होते म्हणून नव्हे, तर "आता हार्टअटॅक" असा तिचा अर्थ लावला जातो म्हणून झटका वाढतो. पुढची पायरी बाहेर. ईसीजी आणि डॉक्टरांची तपासणी झालेली असेल, तर पेशंटबरोबर थेरपिस्टनं केएमटीत, म्हणजे शहर बसमध्ये, बसायचं. निघण्यापूर्वी भाकीत लिहून घ्यायचं: "चक्कर येऊन पडणार, चौदा आणे." बसमध्ये "काही होत नाही" असं म्हणायचं नाही. तो धीर म्हणजे कुबडीच, पर्समधली पाण्याची बाटली आणि जिभेखालची गोळीही तशीच. कुबडी ठेवून प्रवास पार पडला तर श्रेय कुबडीला जातं. उतरल्यावर कागद काढून विचारायचं: काय होणार होतं, काय झालं?

एक गोष्ट मी सहाव्या शनिवारच्या पुढं ढकलत नाही. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, एकूण गुण २७, दहा किंवा त्याहून जास्त झाले की लक्ष द्यायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, सगळे पुटपुटतात. तो मोठ्यानं विचारायचा सराव करून घ्या: "जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. होय म्हटलं तर त्या दिवशी सीबीटी बाजूला. माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं, मानसोपचारतज्ज्ञाकडं न्यायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये मी स्वतः घालून घेते. भास, उन्माद, दारू अचानक तोडल्यावरचा थरकाप हेही आपल्या खोलीतलं काम नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय थकव्याला नैराश्य म्हणायचं नाही.

आठव्या शनिवारपासून टेप. पेशंटची लेखी संमती, रेकॉर्डिंगमध्ये नाव नाही, फोन विमान मोडवर, ऐकून झालं की पुसायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. आख्खी टेप ऐकत बसू नका, शिकणाऱ्यानं स्वतः निवडलेली दहा मिनिटं पुरतात, आणि ती सगळ्यात वाईट दहा मिनिटं असावीत. गुण द्यायला बेक परंपरेतली अकरा मुद्द्यांची मोजपट्टी वापरते. प्रत्येक मुद्द्याला ० ते ६, एकूण ६६, चाळिशी गाठली की काम येतं असं धरतात. आधी शिकणारा स्वतःला गुण देतो, मग बाकीचे, शेवटी मी. गोव्यात मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ सेशनमध्ये तीव्र नैराश्यावर काम केलं, त्याचा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथंही समुपदेशक एकमेकांच्या टेप ऐकून गुण देत होते.

दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावणारे मला नेहमी भेटतात. माझ्याकडं तीन टेप चाळिशीच्या वर गेल्याशिवाय कागद मिळत नाही, आणि त्या कागदानं कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही हे त्यावरच छापलंय. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते. गेल्या बॅचमधल्या सहापैकी चौघांचं झालं. एकीला अजून दोन पेशंट दिलेत. सहावा म्हणतो, "मॅडम, ह्या आठवड्यात चारच काड्या होत्या," पण टेप अजून आणलेली नाही.