कुकरमध्ये मटण चिवट राहतं, रस्सा पाणचट होतो: उपाय सापडला

आठ शिट्ट्या झाल्या तरी तुकडा रबरासारखा. गॅस मोठा ठेवून शिट्ट्या वाढवल्या, पाणी आटलं. कच्ची पपई रात्रभर लावली; वरून लगदा, आत घट्ट. पाहुणे दारात आणि मटण कच्चं, फार जीव जातो.

चूक शिट्ट्या मोजण्यात होती. मटण शिट्ट्यांच्या नाही, वेळेच्या हिशोबाने शिजतं, तेही मंद आचेवर.

ठाण्यात रविवारी दुकानात गर्दी असते, लवकर जा. १ किलो हाडासकट खांदा आणि पुढचा पाय मागा; नुसती बोनलेस मांडी नको. हळद, मीठ, २ चमचे आलं-लसूण लावून तासभर ठेवा. कुकरमध्ये ३ चमचे तेलात २ कांदे परता, मटण घालून १० मिनिटं परता. आधी पाणी सुटतं, ते आटून कडेला तेल दिसेपर्यंत थांबायचं. रस्सा पाणचट होतो तो इथल्या घाईमुळे. मग २ कप उकळतं पाणी, मोठ्या आचेवर एक शिट्टी, नंतर अगदी बारीक गॅसवर २५ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या.

हाड मांसापासून सुटलं की आगरी मसाला आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून १० मिनिटं उकळा. कोकम शेवटी घाला.