कार्ड घासलं, मंजुरी आली, मग पैसे कुठे राहिले?

मी व्यापाऱ्यांचे कार्डाचे हिशेब जुळवून देते. माझं निम्मं पोट एका सवयीवर चालतं: मशीनवर 'अप्रूव्ह्ड' उमटलं की लोक ती रक्कम जमा झाली असं धरतात आणि वहीत चढवून मोकळे होतात. त्या क्षणी जमा काहीच झालेलं नसतं. ग्राहकाच्या बँकेने 'एवढी रक्कम यांच्यासाठी राखून ठेवली' इतकंच कळवलेलं असतं. तिथून तुमच्या खात्यापर्यंत येताना पैसे अडू शकतात, कमी होऊ शकतात आणि आल्यावरही परत जाऊ शकतात.

आधी माणसं ओळखून घ्या, कारण पैसे अडले की पहिला प्रश्न 'फोन कोणाला करू' हाच असतो. ग्राहकाला कार्ड देणारी बँक म्हणजे इश्युअर. तुमच्या वतीने पैसे गोळा करणारी बँक म्हणजे अ‍ॅक्वायरर. या दोघींमध्ये निरोप आणि देण्याघेण्याचा हिशेब फिरवणारं नेटवर्क, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे. अमेरिकन एक्स्प्रेस आपल्या मूळ पद्धतीत इश्युअरही स्वतःच आणि अ‍ॅक्वायररही स्वतःच, म्हणून तिचा दर आणि करार बरेचदा वेगळा असतो. ऑनलाइन विक्रीत आणखी एक गेटवे लागतो; तो माहिती पुढे पोचवतो. काही कंपन्या अ‍ॅग्रिगेटर असतात, म्हणजे अनेक व्यापाऱ्यांना आपल्या छत्राखाली घेऊन अ‍ॅक्वायररशी व्यवहार करतात. नियम एकच: ज्याच्याशी तुमचा करार, त्यालाच फोन. व्हिसाला तुमचं दुकान माहीत नसतं आणि ग्राहकाची बँक तुमच्याशी बोलणार नाही.

आता मंजुरी. कार्ड लावल्यावर मशीन एक संदेश तयार करतं. त्याचा साचा आयएसओ ८५८३ या मानकातला आहे. १९८७ साली आला आणि अजून चालतो. त्यात कार्डाचा क्रमांक, मुदत, रक्कम, मशीनचा क्रमांक आणि तुमचा धंदा कोणता ते सांगणारा चार आकडी एमसीसी असतो. चिप असेल तर ती त्या एका व्यवहारापुरता सांकेतिक आकडा बनवते, तो दुसऱ्यांदा चालत नाही. चुंबकीय पट्टीवरची माहिती मात्र दर वेळी तीच, म्हणून तिची नक्कल करता येते. संदेश अ‍ॅक्वायररकडून नेटवर्ककडे, तिथून इश्युअरकडे जातो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. हे सगळं दोन-चार सेकंदांत.

(पूर्वी कार्डावरचे आकडे उठावाचे असायचे, कारण त्यांचा ठसा कार्बन कागदावर घ्यायचा असे. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठं बिल असेल तर दुकानदार फोन करून तोंडी मंजुरी घ्यायचा. व्हिसाच्या पूर्वसुरींची इलेक्ट्रॉनिक मंजुरीची यंत्रणा १९७३ साली सुरू झाली.)

एमसीसी मुद्दाम सांगितला. करारावर तो चुकीचा पडलेला मी पाहिला आहे, आणि त्याने दोन त्रास होतात: फीचा दर बदलतो, आणि काही बँका त्या प्रकारच्या धंद्याचे व्यवहार जास्त संशयाने बघत असल्याने चांगली कार्डंही नाकारली जातात. तुमचा क्रमांक विचारून घ्या आणि तो तुमच्या धंद्याचाच आहे ना हे तपासा.

नकार आला की चिठ्ठीवरचा कोड वाचा. ५१ म्हणजे शिल्लक किंवा मर्यादा अपुरी. दुसरं कार्ड मागा. ५४ म्हणजे मुदत संपली. ५५ म्हणजे पिन चुकला. ९१ म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही. थोडं थांबून पुन्हा बघायला हरकत नाही. ४१ आणि ४३ ही हरवलेल्या आणि चोरलेल्या कार्डांची खूण, तिथे दुसरा प्रयत्न नको. सगळ्यात चिडवणारा ०५: बँकेने नकार दिला, कारण सांगितलं नाही. कारण तुम्हाला कळणारही नाही, ते ग्राहकानेच आपल्या बँकेला विचारायचं. ०५ वर पुन्हा पुन्हा कार्ड घासण्यात अर्थ नाही. नेटवर्क अशा प्रयत्नांची मोजदाद ठेवतात आणि अतिरेक झाला की त्यावर शुल्क लावतात. रक्कम दोन तुकड्यांत पाडून मंजुरी मिळवणं हेही साधारणपणे नियमात बसत नाही.

मधेच लाइन तुटली तर? मशीन म्हणतं व्यवहार झाला नाही, ग्राहकाच्या फोनवर मात्र पैसे गेल्याचा मेसेज. अशा वेळी वाद घालू नका आणि लगेच दुसऱ्यांदा घासूही नका. मशीनच्या यादीत किंवा डॅशबोर्डवर तो व्यवहार दिसतो का ते आधी बघा. दिसत नसेल तर ते पैसे तुमच्याकडे येणार नाहीत. राखून ठेवलेली रक्कम ग्राहकाच्या बँकेने मोकळी करायची असते. ग्राहकाला तेवढं लिहून द्या, तारीख, वेळ आणि मशीन क्रमांकासह.

मंजुरीनंतरची पायरी कॅप्चर, म्हणजे 'राखलेली रक्कम आता खरोखर द्या' ही मागणी. दुकानातल्या मशीनवर हे बॅच, म्हणजे जमलेल्या व्यवहारांचा गठ्ठा, बंद करताना होतं. काही मशीनं ठरल्या वेळी बॅच आपोआप बंद करतात, काहींवर बटण दाबावं लागतं. आपलं कोणतं ते माहीत हवं. बॅच बंद झाली नाही तर मागणीच गेलेली नसते, आणि मंजुरीला मुदत असते. शिळ्या मंजुरीवर उशिरा मागितलेले पैसे ग्राहकाच्या बँकेला परत खेचता येतात, आणि काही ठिकाणी अशा व्यवहाराला फीही जास्त पडते. ऑनलाइन विक्रीत माल पाठवल्यावर कॅप्चर करणारे बरेच असतात. पद्धत चांगली आहे, फक्त माल निघायला उशीर झाला तर मंजुरी जिवंत आहे का ते बघून मग पाठवा.

मागणी गेली की नेटवर्क दोन बँकांमधला हिशेब मांडतं, त्याला क्लिअरिंग म्हणतात. मग पैसे प्रत्यक्ष सरकतात, ते सेटलमेंट. करारात 'टी प्लस वन' किंवा 'टी प्लस टू' लिहिलेलं असतं, म्हणजे 'टी' या दिवसानंतर एक किंवा दोन दिवसांनी पैसे. त्यातला 'टी' बॅच बंद केल्याच्या दिवसापासून मोजतात की विक्रीच्या, दिवस कामकाजाचे की सगळे, आणि रोजची वेळमर्यादा किती वाजताची, या तीन गोष्टी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. 'पैसे दोन दिवस उशिरा आले' या तक्रारींपैकी पुष्कळ या पानावरच मिटतात.

आता फी. तुम्ही जी एक टक्केवारी ऐकता, तिच्यात तिघांचा वाटा असतो. सर्वांत मोठा बहुतेक वेळा इंटरचेंज, तो ग्राहकाच्या बँकेला जातो. मग नेटवर्कचं शुल्क. उरलेला अ‍ॅक्वायररचा नफा. घासाघीस करता येते ती फक्त या शेवटच्या वाट्यावर. इंटरचेंज कार्डागणिक बदलतो: डेबिटला कमी, क्रेडिटला जास्त, बक्षिसांच्या आणि कंपनीच्या नावाच्या कार्डांना आणखी जास्त. युरोपीय संघाने २०१५ साली सामान्य ग्राहकांच्या डेबिट कार्डावर ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डावर ०.३ टक्के अशी इंटरचेंजची कमाल मर्यादा घातली. कंपनी कार्डं त्या मर्यादेबाहेर राहिली. म्हणजे तुमचा खर्च तुमच्या ग्राहकाच्या खिशात कोणतं कार्ड आहे यावरही ठरतो.

म्हणून दर दोन पद्धतींनी मिळतो. सगळ्या कार्डांना एकच टक्का, किंवा 'इंटरचेंज प्लस', म्हणजे खरा इंटरचेंज अधिक ठरलेला नफा. विक्री लहान असेल तर एकच टक्का बरा, हिशेब सोपा राहतो. विक्री मोठी आणि डेबिट कार्डं जास्त असतील तर एकच टक्का घेणारा अ‍ॅक्वायरर तुमच्यावर चांगलाच कमावत असतो. कोणाच्याही तोंडी दरावर विसंबू नका. महिन्याच्या सगळ्या कपाती, मशीनचं भाडं धरून, एकत्र करा आणि महिन्याच्या कार्ड विक्रीने भागा. जो टक्का येईल तो तुमचा खरा दर.

आता माझा आवडता भाग, हिशेब जुळवणं. चार कागद लागतात: तुमची बिलं, मशीनचा बॅच रिपोर्ट, अ‍ॅक्वायररचा सेटलमेंट रिपोर्ट आणि बँकेचा उतारा. आडव्या रांगेत मांडा. बिलं बॅचशी, बॅच सेटलमेंटशी, सेटलमेंट उताऱ्याशी. बिलं थेट उताऱ्याशी जुळवायला जाल तर कधीच जुळणार नाहीत, कारण मधल्या दोन कागदांवरच सगळं घडतं.

उदाहरण घ्या. बॅचमध्ये १,००,००० ची विक्री. खात्यात ८७,००० आले. सेटलमेंट रिपोर्ट उघडल्यावर दिसतं: आधीच्या विक्रीचा परतावा ४,०००, फी दोन टक्क्यांनी २,०००, एक चार्जबॅक (ग्राहकाच्या तक्रारीवरून त्याच्या बँकेने परत खेचलेली रक्कम) १,५००, त्याचं शुल्क ५००, आणि विक्रीच्या पाच टक्के म्हणजे ५,००० अ‍ॅक्वायररने स्वतःकडे राखीव ठेवले. बेरीज १३,०००. पैसे कुठेच हरवले नाहीत. पण वहीत '८७,००० विक्री' लिहिली तर चार गोष्टी एका दमात बिघडतात: विक्री कमी दिसते, फीचा खर्च गायब होतो, चार्जबॅक कोणी बघत नाही, आणि तुमचे स्वतःचे ५,००० अ‍ॅक्वायररकडे पडलेत याची नोंदच राहत नाही. विक्रीवरचा करही चुकतो.

यावर उपाय म्हणजे वहीत 'कार्डाचं येणं' असं एक वेगळं खातं. विक्री झाली की १,००,००० या खात्याला नावे. सेटलमेंट आलं की बँकेत आलेले ८७,०००, फी, परतावा, चार्जबॅक आणि त्याचं शुल्क आपापल्या खात्यात टाका, राखीव रक्कम 'अ‍ॅक्वायररकडे ठेव' या खात्यात, आणि तेवढी सगळी रक्कम या खात्याला जमा. आठवड्याच्या शेवटी या खात्यात फक्त अजून न आलेल्या बॅचचीच रक्कम उरायला हवी. एखादी जुनी रक्कम तिथे चिकटून बसली असेल तर ती बॅच गेलेली नाही किंवा नाकारली गेली आहे. हे एक खातं नीट ठेवलं तर बाकी फार काही करावं लागत नाही, हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगते.

परताव्याचं थोडक्यात. बॅच बंद होण्याआधी चूक कळली तर व्यवहार व्हॉइड करा. मागणीच जात नाही. बॅच गेल्यावर मात्र रिफंड हा स्वतंत्र उलटा व्यवहार असतो. त्याला वेळ लागतो आणि मूळ विक्रीची फी अनेक करारांत परत मिळत नाही. रिफंड मूळ कार्डावरच द्या, रोख देऊ नका, नाहीतर तोच ग्राहक उद्या चार्जबॅकही मागू शकतो आणि तुम्ही दोनदा पैसे द्याल. 'रिफंड आला नाही' असा फोन आला तर अ‍ॅक्वायररकडून एआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा २३ आकडी संदर्भ क्रमांक, घेऊन ग्राहकाला द्या. त्यावरून त्याची बँक तो व्यवहार शोधू शकते.

चार्जबॅक म्हणजे ग्राहकाने आपल्या बँकेकडे तक्रार केली आणि बँकेने पैसे उलटे खेचले. नेटवर्कच्या नियमांत बऱ्याच प्रकारांना १२० दिवसांची मुदत असते, त्यामुळे कधीची विसरलेली विक्री अचानक उठून येते. तुम्हाला उत्तर द्यायला मिळणारा वेळ त्यामानाने फार थोडा. नोटिशीवरचा कारण क्रमांक आधी वाचा आणि त्याच कारणाला उत्तर द्या. व्हिसाच्या १३.१ मध्ये माल मिळाला नाही अशी तक्रार असते, तिथे पोच हवी. १०.४ मध्ये 'कार्ड समोर नव्हतं आणि व्यवहार मी केलाच नाही' असं म्हणणं असतं, तिथे मालाच्या दर्जाची फोटोंची फाइल पाठवून उपयोग नाही. ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाची ओळख त्याच्या बँकेने ३-डी सिक्युअरने पटवून घेतली असेल, ओटीपी वगैरे विचारून, तर अशा फसवणुकीची जबाबदारी सहसा बँकेकडे जाते. तो पडताळा बंद ठेवून विक्री 'सुरळीत' करणारे नंतर माझ्याकडे येतात.

बऱ्याच तक्रारी तर फसवणुकीच्या नसतातच. ग्राहकाला उताऱ्यावर भलतंच नाव दिसतं आणि तो घाबरतो. तुमचं नाव ग्राहकाच्या उताऱ्यावर कसं छापलं जातं ते स्वतःच्या कार्डावर लहान व्यवहार करून बघा. पाटीवर एक आणि उताऱ्यावर मालकाच्या जुन्या फर्मचं नाव, असं असेल तर ते आजच बदलून घ्या.

कार्डाची माहिती साठवण्याबद्दल मी फार सांगत नाही, कारण सल्ला एका ओळीत मावतो: साठवू नका. पीसीआय डीएसएस या कार्डांच्या माहितीच्या सुरक्षेच्या मानकानुसार मागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, मंजुरीनंतर कोणत्याही रूपात ठेवायचे नसतात, कुलूपबंद करूनही नाही. फोनवर ऑर्डर घेताना वहीच्या कडेला कार्ड नंबर लिहिणं, कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवणं, हे सगळं यात आलं. नेहमीच्या ग्राहकाचं कार्ड ठेवायचंच असेल तर गेटवेकडून टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाऐवजी वापरायचा पर्यायी क्रमांक, घ्या. खरा क्रमांक त्यांच्याकडे राहतो.

सही करण्याआधी अ‍ॅक्वायररला विचारायचे प्रश्न फार नाहीत. राखीव रक्कम किती टक्के आणि ती कोणत्या तारखेला परत मिळते. चार्जबॅकचं शुल्क किती, आणि तुम्ही जिंकलात तरी ते लागतं का. मशीनचं भाडं विक्री न झालेल्या महिन्यातही द्यायचं का. करार मधेच सोडला तर किती मोजावे लागतील. आणि सेटलमेंट रिपोर्ट व्यवहारवार मिळतो की नुसती एक बेरीज. शेवटच्या प्रश्नाला 'बेरीज' असं उत्तर आलं तर दुसरा अ‍ॅक्वायरर बघा. बेरजेवरून हिशेब मीही जुळवून देऊ शकत नाही.