अमेरिकी लष्करातल्या एकल पालकांनी फॅमिली केअर प्लॅन कसा तयार करावा

यूएस आर्मीत मूल एकट्याने वाढवणाऱ्या सैनिकाला फॅमिली केअर प्लॅन, म्हणजे तो तैनातीवर किंवा कामावर दूर असताना मूल कोण आणि कसं सांभाळेल याची लेखी योजना, द्यावाच लागतो. नवरा-बायको दोघेही सैन्यात असतील तर त्यांनाही द्यावा लागतो. एकटी असलेली किंवा नवराही सैन्यातच असलेली गरोदर सैनिक बाळंतपणाची वाट न बघता त्याआधीच प्लॅनला लागते. फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो मूल सांभाळायला हो म्हणणारी माणसं मिळवण्यात, म्हणून सुरुवात माणसांपासून करा.

अशी माणसं दोन हवीत. एक जवळपास राहणारं, स्वतः सैन्यात नसलेलं, रात्री-अपरात्री बोलावणं आलं तरी मूल ताब्यात घेऊ शकणारं. दुसरं लांबच्या तैनातीसाठी. ते दुसऱ्या राज्यात असलं तरी चालतं, पण मग मुलाला तिथवर कोण नेणार आणि तिकिटाचे पैसे कुठून येणार हेही लिहावं लागतं. आजी व्हिजिटर व्हिसावर येऊन सांभाळेल, एवढ्यावर प्लॅन उभा करू नका. तैनातीच्या तारखेला व्हिसा हातात असेलच याची खात्री कोणी देत नाही.

माणसं ठरली की कागद. कमांडर किंवा त्याचा प्रतिनिधी डीए (आर्मीचा) फॉर्म ५३०४ वर समुपदेशन करतो आणि तिथून मुदत सुरू होते: नियमित सेवेत ३० दिवस, राखीव दलात ६० दिवस. मुख्य प्लॅन डीए ५३०५ वर. सांभाळणाऱ्याची संमती ५८४० वर आणि मुखत्यारपत्र ५८४१ वर, दोन्ही नोटरी करून. मुलाच्या ओळखपत्रासाठी डीडी (संरक्षण खात्याचा) फॉर्म ११७२-२ आणि पगारातून परस्पर पैसे जावेत म्हणून डीडी २५५८. शिवाय सांभाळणाऱ्याच्या नावे सूचनांचं पत्र लागतं. त्यात औषधांचे डोस, ॲलर्जी, डॉक्टर, शाळेतून मूल कोण आणू शकतं, रात्री झोपताना काय लागतं, सगळं लिहा. हे पत्र लोक चार ओळींत उरकतात आणि पुढे फोनवर तासन्‌तास तेच सांगत बसतात.

सही झालेला प्लॅनही मुलाच्या दुसऱ्या पालकामुळे मोडू शकतो. घटस्फोट झाला असला तरी त्याचा हक्क संपत नाही आणि हा प्लॅन न्यायालयाच्या ताबा-आदेशावर मात करू शकत नाही. तुम्ही आजीचं नाव घालता, तैनातीवर जाता आणि मुलाचा बाप न्यायालयात उभा राहतो. त्यामुळे आधीच त्याची लेखी संमती घ्या. ती मिळत नसेल तर कारण प्लॅनमध्ये नोंदवा आणि तळावरच्या लीगल असिस्टन्स कार्यालयात जा. तिथला सल्ला मोफत असतो. सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्ट या सैनिकांना दिवाणी खटल्यांत संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, सेवेमुळे हजर राहता येत नसेल तर अटी पूर्ण करणारा अर्ज करून ताब्याचा खटला किमान ९० दिवस तहकूब करून घेता येतो. ताबा कायमचा बदलण्यासाठी निव्वळ तैनाती हेच एकमेव कारण धरता येत नाही. राज्याचा कायदा याहून जास्त संरक्षण देत असेल तर तोच लागू होतो.

मुखत्यारपत्राची मुदत तपासा. ती तैनातीच्या मधेच संपली तर सांभाळणाऱ्याची अडचण होते. शाळा आणि दवाखाना स्वतःचाच फॉर्म मागू शकतात, तो आधीच भरून ठेवा. पगारातली वळती पुढच्या पगारापासूनच लागेल असं गृहीत धरू नका, निदान पहिल्या महिन्याचे पैसे हातात द्या. कमांडर प्लॅनची चाचणी घेऊ शकतो. त्याआधी तुम्हीच एक शनिवार-रविवार मूल तिकडे ठेवून बघा.

गरोदरपणाचे नियम वेगळे आहेत. आर्मीच्या २०२२ च्या निर्देशानुसार बाळंतपणानंतर ३६५ दिवस तैनाती आणि रेकॉर्डवर नोंदली जाणारी शारीरिक क्षमता चाचणी यांतून सूट आहे. बाळंतपणातून सावरण्याची वैद्यकीय रजा आधी, मग १२ आठवड्यांची पालक रजा. ही मुलाच्या जन्मापासून वर्षभरात वापरायची असते. एके काळी, १९५१ च्या अध्यक्षीय आदेशाच्या आधारे, गरोदर राहिल्याच्या कारणावरून स्त्रियांना थेट सेवेतून काढता येत असे, तेव्हा हा बदल लहान नाही.

ज्यांना अजून भरती व्हायचंय त्यांच्यासाठी: गरोदर असताना आणि गरोदरपण संपल्यावर सहा महिने वैद्यकीय निकषांत बसता येत नाही. मुलाचा ताबा असलेल्या अविवाहित उमेदवाराला विशेष सवलत मिळाल्याशिवाय आर्मीत प्रवेश नाही. भरतीपुरता ताबा कागदोपत्री दुसऱ्याला देऊन नंतर परत घेण्याची क्लृप्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. ती फसवून मिळवलेली भरती ठरू शकते.

प्लॅन दरवर्षी नव्याने प्रमाणित करावा लागतो. सांभाळणारी व्यक्ती बदलली, लग्न झालं, बदली झाली की लगेच कळवा. मुदतीत वैध प्लॅन देता आला नाही तर पालकत्वाच्या कारणावरून सक्तीने सेवामुक्त केलं जाऊ शकतं. मुदत अपुरी वाटत असेल तर ती संपण्याआधी कमांडरकडे लेखी वाढ मागा.