ओसाकाला पहिल्यांदाच, तेही चार दिवसांसाठी? असं प्लॅन करा

जपानला पहिल्यांदा जाणारे बरेच जण टोकियो, क्योतो, हिरोशिमा अशी लांबलचक यादी करतात आणि मग ती चार दिवसांत कोंबायला बसतात. त्यापेक्षा ओसाकात एकच हॉटेल घ्या, बॅग एकदाच उघडा आणि बाकी सगळं तिथून जाऊन-येऊन करा.

1) तारखा. व्हिसा लागतोच, पण 2024 पासून आपल्याकडच्या टुरिस्टना ई-व्हिसा मिळतो. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा टाळाच, तेव्हा त्यांचा गोल्डन वीक असतो, अख्खा देश फिरायला निघतो आणि हॉटेलांचे भाव विचारू नका.

2) हॉटेल. इथेच खरी मेख आहे. मिदोसुजी ही लाल रंगाची मेट्रो लाइन शहरातून उत्तर-दक्षिण जाते, तिच्यावरच्या एखाद्या स्टेशनजवळ रूम बघा, माझं मत विचाराल तर नाम्बा. उमेदाही सोयीचं आहे पण तिथे ओसाका, उमेदा, हिगाशी-उमेदा, निशी-उमेदा अशी वेगवेगळ्या नावांची स्टेशनं एकाच भागात, खाली भुयारी बाजाराचं जाळं, आणि हातात बॅगा असताना कुठल्या जिन्याने वर यायचं हे मॅपलाही धड सांगता येत नाही.

3) एअरपोर्टवरून. कानसाई एअरपोर्ट समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे, तिथून नानकाई या खासगी रेल्वे कंपनीची ट्रेन थेट नाम्बाला येते. रापीत ही त्यांची जलद गाडी छान दिसते आणि सीट रिझर्व्ह असते, पण साधी एअरपोर्ट एक्सप्रेस स्वस्त आणि थोडीच हळू. स्टेशनवरच इकोका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड काढा, टॅप करा आणि चला. जेआर (जपान रेल्वे) पास घेऊ नका हो! सात दिवसांचा पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 वरून 50,000 येन झाला, एवढ्याशा फिरण्यात तो वसूल होत नाही.

4) फिरणं. एक दिवस शहर, संध्याकाळी दोतोनबोरी, म्हणजे नाम्बाजवळचा कालव्याकाठचा खाण्यापिण्याचा झगमगता भाग. एक दिवस क्योतो, ओसाका स्टेशनहून जेआरच्या शिन्काइसोकू या जलद गाडीने अर्ध्या तासात, बुलेट ट्रेनची गरजच नाही. एक दिवस नारा, नाम्बाहून किन्तेत्सु या खासगी रेल्वेने. ओसाकाचा किल्ला बाहेरून भव्य आहे, तटबंदीतले दगड बघतच राहाल, पण वरची इमारत 1931 ची काँक्रीटची, आत चक्क लिफ्ट. जुना लाकडी किल्ला हवा असेल तर हिमेजीला जा.

5) खाणं. व्हेज लोकांनी हे नीट वाचा. ओकोनोमियाकी कोबीचं धिरडंच वाटतं, पण तव्यावरून आल्यावर वर ज्या पातळ चकत्या वाफेने हलत असतात ना, ती सुकवलेल्या माशाची किसलेली पापडी, आणि ती बाजूला काढली तरी पिठात बहुतेक वेळा दाशी असतो, म्हणजे माशाचाच स्टॉक. स्टोअरमधलं काहीही घेताना पाकिटावर ट्रान्सलेटचा कॅमेरा धरा. अगदीच हाल झाले तर कोबे गाठा, उमेदाहून अर्धा तास. 1893 मध्ये मुंबई-कोबे जहाजं सुरू झाली ती आपल्या कापसासाठी, तिथे भारतीय वस्ती जुनी आहे आणि कितानो भागात जैन मंदिरही आहे, त्यामुळे शाकाहारी म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही.

आणि हो, एस्कलेटरवर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. शेवटची मेट्रो साधारण बाराच्या सुमारास, ती चुकली तर टॅक्सीचं मीटर बघवत नाही.