सॉलिसिटरला होकार कळवण्याआधी

इंग्लंडमध्ये घर घ्यायचं ठरलं की आपण व्याजदरासाठी रात्री जागवतो, आणि सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील, मात्र इस्टेट एजंट सुचवेल तो घेऊन मोकळे होतो. त्या शिफारशीचे एजंटला बऱ्याचदा पैसे मिळतात. म्हणून दोन-तीन ठिकाणचे कोट, म्हणजे खर्चाचे अंदाज, स्वतः लेखी मागवा. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरखरेदी, विक्री आणि रिमॉर्टगेजचे (चालू गृहकर्जाच्या जागी नवं घेण्याचे) दर वेबसाइटवर द्यावेच लागतात, ते आधी पाहून ठेवा. फर्म तुमच्या कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य वकिलांच्या यादीत, आहे का, हेही विचारा. नसेल तर बँकेच्या वकिलाचा खर्च वेगळा पडू शकतो.

मग कोट घेऊन निवांत बसा. पहिला आकडा सॉलिसिटरची स्वतःची फी, त्यावर २० टक्के व्हॅट. डिस्बर्समेंट्स म्हणजे तो आपल्या वतीने इतरांना भरतो ते पैसे: कौन्सिलचा, पाणी-ड्रेनेजचा आणि पर्यावरणाचा सर्च (त्या जागेबद्दलच्या नोंदींची तपासणी), मालकीची नोंद ठेवणाऱ्या लँड रजिस्ट्रीची फी. यात फर्मागणिक फार फरक नसतो. फरक असतो तो जादा कामांच्या यादीत. आमच्या कोटवर वर ठळक स्वस्त आकडा होता आणि दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत लीजहोल्डचे (जमीन दुसऱ्याची, घर ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर) जादा, मॉर्टगेजच्या कामाचे जादा, गिफ्ट डिपॉझिटचे (सुरुवातीची रक्कम कुणी भेट दिली तर) जादा, बँक ट्रान्सफरचे जादा, स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म भरायचेही जादा. आमचा फ्लॅट लीजहोल्ड, कर्ज काढलेलं, डिपॉझिटला बाबांचा हातभार; एकही ओळ आम्हाला चुकली नाही. तेव्हा कोट मागतानाच आपली सगळी परिस्थिती सांगा आणि यातलं काय काय लागेल ते ईमेलवर घ्या. व्यवहार फिसकटला तर काय, तेही विचारा. ‘नो सेल, नो फी’ (व्यवहार झाला नाही तर फी नाही) असली तरी सर्चचे पैसे गेले ते गेलेच.

भारतातून पैसे येणार असतील तर कागद घर बघायला लागायच्या आधीपासून जमवा. आईबाबांचं ‘हे कर्ज नाही, भेट आहे आणि घरात आमचा हक्क नाही’ असं सही केलेलं पत्र, त्यांचं ओळखपत्र, काही महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, एफडी मोडली असेल तर तिची पावती, जागा विकली असेल तर विक्रीखत. पैसा कुठून आला हे तपासणं सॉलिसिटरला कायद्याने बंधनकारक आहे. त्यात संशय घेतला म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगावंसं वाटतं ते स्टॅम्प ड्यूटीबद्दल. पहिल्या घराची सवलत मिळायला जगात कुठेही तुमच्या नावावर कधीच घर नसावं लागतं. पुण्यातला वन बीएचके त्यात धरला जातो, आणि वारसाने आलेला गावच्या घरातला हिस्साही. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ४ लाख पौंडांच्या घरावर पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ५ हजार पौंड भरावे लागतात, इतरांना १० हजार, आणि आधीचं घर नावावर कायम ठेवून हे घेतलं म्हणून ५ टक्के अधिभार लागला तर ३० हजार. नवरा-बायको अधिभारासाठी एकच धरतात, त्यामुळे दोघांच्याही नावावरचं सगळं सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत सांगा. गावाकडच्या उताऱ्यावर आपलं नाव चढलंय का, ते आधी भावाला फोन करून विचारा.

रिमॉर्टगेजचं काम आटोपशीर असतं. त्याच बँकेत नुसता दर बदलायचा तर सहसा सॉलिसिटर लागतच नाही. नवी बँक ‘फ्री लीगल्स’, म्हणजे फुकट वकील, देते, पण तो वकील प्रामुख्याने बँकेचं काम बघतो. बायकोचं नाव घरावर चढवायचं असेल तर ते त्या फुकटात बसत नाही, त्याची फी वेगळी. आईबाबा तुमच्याकडेच राहत असतील तर बँक त्यांची सही मागू शकते, कधी त्यांना स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यायला लावते. तोही खर्च धरून ठेवा.

सॉलिसिटरचा खाते क्रमांक पहिल्याच दिवशी फोनवर खात्री करून वहीत लिहून ठेवा. एक्स्चेंजच्या (दोन्ही बाजूंचे करार पक्के होण्याच्या) आसपास ‘आमचं खातं बदललंय’ असा ईमेल आला, तर त्या ईमेलमधला नंबर न लावता वहीतला लावा आणि माणसाशी बोलल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका.